सातारा हिल हाफ: पाऊस, धुकं, गर्दी आणि तरीही (की म्हणूनच?) पीबी

टेकडीवाली

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय ते चहा प्यायला मोकळे. २:११:३५, चिप टाइम, म्हणजे सुरुवातीच्या मॅटवर पाय पडल्यापासूनचा. साताऱ्यातली माझी याआधीची सगळ्यात चांगली वेळ, म्हणजे पीबी, २:१६:०८. साडेचार मिनिटं उतरली, आणि तीही अशा सकाळी की यवतेश्वरच्या घाटात पुढच्या माणसाच्या पोटऱ्या सोडून काही दिसत नव्हतं.

निकाल टाकल्यापासून ग्रुपवर आणि ऑफिसात एकच पालुपद चालू आहे, "एवढ्या पावसात? एवढ्या गर्दीत? मानलं तुला!" मानू नका. माझं म्हणणं असं की ही वेळ पाऊस आणि गर्दी असूनही आलेली नाही, त्यांच्यामुळे आली आहे. कोरडा, मोकळा रस्ता मिळाला असता तर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये नेहमीसारखी उधळले असते आणि वर घाटात ते व्याजासकट फेडत बसले असते. यावर तुमची मतं हवीत, म्हणून हा धागा.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरच्या जरा वर. २०१२ पासून होते, ऐन पावसाळ्यात, साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. सातारा शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने खाली. म्हणजे पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा चढ, दुसरा उतार. हवा चांगली असली तर घाटातून अजिंक्यतारा आणि खाली पसरलेलं शहर दिसतं. यंदा किल्ला तिथेच होता असं लोक म्हणत होते.

आता सुरुवात. तोफ वाजल्यावर मॅटवर पाय पडायलाच तीन मिनिटं गेली. गावातले रस्ते काही महामार्ग नाहीत, त्यात काही हजार माणसं एकदम सोडलेली. दोन्ही कडांना गटार आणि मध्ये माणसांची भिंत. अशा वेळी आपल्यातले निम्मे लोक काय करतात ते माहीत आहे: फटीतून घुसायचं, फुटपाथवर चढायचं, परत उतरायचं, चार पावलं जोरात, एकदम ब्रेक, परत चार पावलं जोरात. मी ठरवून त्यातलं काही केलं नाही. समोर कॉलेजातल्या मुलींचा एक घोळका संथ पळत होता, त्यांच्या मागे राहिले. घड्याळ किलोमीटरला ७:१० दाखवत होतं, दाखवू दिलं. पाऊस तेव्हा भुरभुर होता.

घाट सुरू झाला आणि धरलं त्याने. साताऱ्याचा घाट ज्यांनी मधल्या उघडिपीत पळालाय त्यांना विचारा, दोन सरींच्या मध्ये ऊन आलं की डांबरातून वाफ निघते आणि श्वास जड होतो. गेल्या खेपेला तेच झालं होतं, तिसऱ्या वळणापासून चालत होते. या वेळी पाऊस एकदाही थांबला नाही. डोक्यावरून पाणी, पाठीवरून पाणी. त्याच चढावर गेल्या वेळी हृदयाचे ठोके १७२ च्या पुढे गेले होते, या वेळी १६० च्या घरात राहिले आणि पाय मात्र जास्त वेगाने चालले. घाट सगळा पळत चढले असं नाही. जिथे रस्ता उभा आहे तिथे हात मांडीवर ठेवून जोरात चालले. पण चालले ते ठरवून.

एका वळणावर डोंगराकडून लाल पाण्याचा ओढाच रस्ता ओलांडत होता, घोट्यापर्यंत. लोक काठाकाठाने जायला बघत होते आणि तिथे तुंबा झाला होता. मी सरळ पाण्यातून गेले. बूट तसेही भिजलेच होते, आता त्यात खडे आले एवढंच. पुढचे दोन किलोमीटर डाव्या टाचेखाली एक बारीक खडा माझ्याबरोबर पळाला, पण थांबून लेस सोडायची म्हणजे गार बोटांनी ती पुन्हा बांधायची, त्यापेक्षा खडा बरा.

वर पठारावर वारा. तिथे खरी परीक्षा होती, कारण ओल्या कपड्यात वारा लागला की दोन मिनिटांत हुडहुडी भरते. समोर दोन उंच गडी दिसले, त्यांच्या पाठीमागे शिरले आणि वळेपर्यंत सोडलं नाही. (त्यांच्यापैकी कोणी इथे वाचत असेल तर धन्यवाद, कटिंग माझ्याकडून.)

उतारावर निम्म्याहून जास्त रस्ता वर येणाऱ्यांनी भरलेला. त्यात जोडीजोडीने गप्पा मारत चालणारे, मधेच थांबून धुक्याबरोबर सेल्फी काढणारे, सगळे आले. उतरणाऱ्यांना कडेची एक पट्टी, जेमतेम एका माणसाची. पुढे जायची सोयच नाही. इथेही तेच झालं, मोकळा उतार असता तर मी सुसाट सुटले असते आणि मांड्यांचा भुगा करून गावात पोचले असते. गर्दीने पहिले तीन किलोमीटर लगाम धरला. समर्थ मंदिराच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला तेव्हा पायात जोर शिल्लक होता, हा अनुभव मला नवीन आहे. शेवटी ढोल चालू होता, तो भिजून ढब ढब वाजत होता, पण त्या ठेक्यावर पाय पडत गेले.

स्प्लिट: वर १:१२:१०, खाली ५९:२५.

कट्टाकाका

अभिनंदन! पण थोडं खडूसपणाने बोलतो, रागावू नका. सातारचा पीबी हा पीबी नव्हे. तो 'सातारचा पीबी'. पर्सनल बेस्ट सपाट रस्त्यावर मोजतात. घाटातली वेळ सपाटीवरच्या वेळेशी लावताच येत नाही, मग तिचं करायचं काय? आणि पावसामुळे वगैरे काही नाही, सराव केला असेल, आला असेल निकाल. पावसाला कशाला श्रेय देता?

मोजपट्टी

काका, अर्धं बरोबर. पण नियमाच्या अंगाने गंमत बघा.

रस्त्यावरच्या विक्रमासाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या दोन मुख्य अटी आहेत. सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा निव्वळ उतार किलोमीटरमागे सरासरी १ मीटरपेक्षा जास्त नको. बॉस्टन मॅरेथॉन या दोन्हींत बसत नाही. २०११ साली जेफ्री मुताईने तिथे पाठीवर वारा घेऊन २:०३:०२ काढले, तेव्हाचा विश्वविक्रम गेब्रसेलासीचा २:०३:५९ होता, तरी मुताईच्या वेळेला विश्वविक्रम म्हणून मान्यता नाही. आपला सातारा मात्र वर जाऊन त्याच वाटेने खाली येतो. निव्वळ उतार जवळजवळ शून्य. तेव्हा या दोन अटींपुरतं बोलायचं तर टेकडीवाली यांची वेळ मुताईपेक्षा शुद्ध आहे. :)

आता गर्दीत घुसण्याबद्दल, कारण त्यांनी ते न करणं हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि त्यांनी तो दोन ओळींत उरकलाय.

मापलेल्या शर्यतीचं अंतर कसं ठरतं? सायकलवर मोजणी यंत्र लावून, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या छोट्या मार्गाने मोजतात. वर दर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात, शर्यत कमी भरू नये म्हणून. म्हणजे २१.०९७५ किमी हे कमीत कमी अंतर आहे. तुम्ही प्रत्येक वळण बाहेरून घेतलं, फुटपाथवर चढउतर केली, डावीकडून उजवीकडे सरकलात की तुम्ही त्यापेक्षा जास्त पळता. लोक मग म्हणतात, "आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं, माझ्या घड्याळात २१.४ आलं." बाबांनो, ते ३०० मीटर तुम्हीच पळालात. (घाटात आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस स्वतःही भरकटतं, ते वेगळं.)

टेकडीवाली यांच्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला सरासरी ६:१४, दर १०० मीटर जादा म्हणजे ३७ सेकंद. तीनशे मीटर नागमोडी पळालात तर १ मिनिट ५० सेकंद गेले. घुसून घुसून तेवढे वाचतात का? मी गेली काही वर्षं ओळखीच्यांचे जीपीएस मार्ग तपासतो, मला तरी अजून कोणी सापडलेलं नाही.

टेकडीवाली, घड्याळात अंतर किती आलं?

टेकडीवाली

२१.१८. आधीच्या वेळी २१.३५ होतं. तुमचा हिशोब इथेच एक मिनिट देऊन गेला की!

काका, रागावले नाही. सपाटीवरची वेळ वेगळी आहे आणि ती मी इथे मुद्दाम लिहिलेली नाही. पण त्याच रस्त्यावरची स्वतःची जुनी वेळ मोडली तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सुचवा. आणि सराव केलाच आहे, जून-जुलैत पुण्याजवळच्या बोपदेव घाटाला पिडलंय. पण सराव गेल्या वेळीही तेवढाच होता, हेच तर सांगतेय.

चारभिंती

सातारकर बोलतोय. सगळ्यात आधी, किल्ला जागेवर आहे, आज सकाळी बघितला.

पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं सातारा म्हणजे पाऊस. आमच्या एका जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि माण-खटावही आहे जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश. शहर मध्ये बसलंय. यवतेश्वर चढून वर गेलात की तुम्ही महाबळेश्वरच्या बाजूच्या हवेत शिरता, म्हणून खाली भुरभुर आणि वर झोडपणं हे दर वर्षीचं आहे. खालचं आभाळ बघून वरचा अंदाज बांधू नका. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीने एक चक्कर वर मारून या, वारा कुठून लागतो ते कळतं.

आणि माणचा विषय निघालाच आहे तर सांगतोच. ललिता बाबर आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. दुष्काळी तालुक्यातल्या पोरीने पाण्याच्या शर्यतीत नाव काढलं! मुंबई मॅरेथॉनमध्येही तिने भारतीय महिलांमध्ये पहिला नंबर काढलाय, एकदा नाही, लागोपाठ. तुमच्या घाटातल्या ओढ्याचं वाचून आठवलं.

आमची आई दर वर्षी दारात गूळ-शेंगदाण्याचं ताट घेऊन उभी राहते. या वेळी छत्री एका हातात, ताट दुसऱ्या हातात. म्हणाली, पुढचे लोक काही घेत नाहीत, मागचे मात्र थांबून पाणीही मागतात आणि कुठून आलो तेही सांगतात. तिला मागचेच आवडतात.

नवशिका

मी अजून १० किमीच्या पुढे गेलेलो नाही, पुढच्या वर्षी साताऱ्याचा विचार आहे. प्रश्न बालिश वाटले तर माफ करा.

चष्मा आहे, पावसात काय करता? मोबाइल कुठे ठेवता? रेनकोट घालून पळायचं का? आणि बूट दोन दिवस वाळत नाहीत त्याचं काय?

लेससुटली

नवशिका, बालिश काही नाही, हेच प्रश्न खरे.

चष्म्याला उपाय एकच, पुढे पट्टी असलेली टोपी. काचेवर थेट थेंब येत नाहीत. धुक्यात मात्र काचा आतून धुरकट होणारच, तेव्हा नाकावर थोड्या खाली ओढायच्या. नंबर कमी असेल तर मी सरळ काढून टोपीवर लावते.

रेनकोट अजिबात नाही. आत घामाची भट्टी होते, आणि अर्ध्या तासात आतूनही तेवढेच भिजता. कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या, डोक्याला आणि हातांना भोकं पाडा, सुरुवातीला उभं राहून वाट बघताना ती घाला आणि निघताना काढून कचऱ्याच्या डब्यातच टाका. थंडी सुरुवातीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासातच जास्त वाजते, पळायला लागल्यावर नाही.

मोबाइल धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, वर रबरबँड. कुठल्याही महागड्या कव्हरपेक्षा भारी. घड्याळाची टचस्क्रीन लॉक करा. पावसाच्या थेंबांनी माझं घड्याळ एकदा आपोआप पॉज झालं होतं आणि मला ते दोन किलोमीटरनंतर दिसलं.

बुटातला आतला तळवा काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. उन्हात किंवा हीटरसमोर नाही, डिंक सुटतो. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

आणि बायकांसाठी खास: ओल्या कपड्यात स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी घासून जे होतं ते अंघोळीचं पाणी पडल्यावरच कळतं. व्हॅसलिन भरपूर, आदल्या रात्री नाही, निघताना. काखेत, पट्टीखाली, मांड्यांच्या आतून, बोटांच्या मध्ये. पुरुषांनी छातीवर मायक्रोपोर चिकटवा. पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल ओघळ घेऊन शेवटच्या रेषेवर हसत फोटो काढणारे बघितलेत, बघवत नाहीत. नवा टी-शर्ट गुडी बॅगेत मिळाला म्हणून त्याच दिवशी घालू नका.

एक राग काढून घेते. मागे एका दुसऱ्या शर्यतीत (नाव नको) सामान ठेवायची जागा उघड्यावर होती. पळून आल्यावर कोरडे कपडे म्हणून जी पिशवी हातात आली ती पिळून घ्यावी लागली. तेव्हापासून बॅगेतल्या प्रत्येक वस्तूला वेगळी प्लास्टिकची पिशवी.

डॉखडूस

टेकडीवाली यांचं मूळ म्हणणं शरीरशास्त्राला धरून आहे. स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातली साधारण तीन-चतुर्थांश उष्णतेत जाते. ती बाहेर टाकायला शरीर रक्त त्वचेकडे पाठवतं, म्हणजे तेवढं रक्त पायांना कमी मिळतं आणि हृदय जास्त पिटतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, म्हणून त्याचा थंडावा मिळत नाही. सतत पाऊस असेल तर पावसाचं पाणीच ती उष्णता घेऊन जातं. १७२ विरुद्ध १६० हा फरक तिथून आला असणार. आपल्याकडे बहुतेक शर्यती उष्णतेमुळे बिघडतात, थंडीमुळे नाही. त्यामुळे वीस-बावीस अंश आणि पाऊस ही आपल्या धावपटूला लॉटरी आहे.

पण तीन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

गार हवेत घाम कमी जातो, तरी लोक सवयीने प्रत्येक टेबलावर बाटली रिकामी करतात. नुसतं पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकं जड, गोंधळल्यासारखं वाटणं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय आणि तो आणखी पाणी पाजतो. तहान लागली की प्या, तेवढं पुरतं.

सुरुवातीआधी वेदनाशामक गोळी घेऊन पळायची फॅशन आहे, ती सोडा. पळताना मूत्रपिंडाकडे रक्त तसंही कमी जातं, त्यात ही गोळी म्हणजे दुहेरी मार.

आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर पदकाच्या रांगेत ओल्या कपड्यांत अर्धा तास उभं राहू नका. पळताना जी उष्णता वाचवत होती ती थांबल्याबरोबर बंद होते. आधी कोरडं घाला, मग फोटो. विजा कडकडायला लागल्या तर पीबी-बिबी विसरा आणि आडोसा गाठा, झाडाखाली नव्हे.

न्यूटनकर

मी बॉस्टनजवळ राहतो, धावत नाही, टाळ्या वाजवतो. पावसाचा विषय निघाला म्हणून २०१८ च्या बॉस्टन मॅरेथॉनचं सांगतो.

१६ एप्रिल. तीन-चार अंश, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. मी शर्यतीच्या वाटेवरच्या न्यूटनला चढाच्या बाजूला थर्मलवर थर्मल घालून उभा होतो आणि तरी हात सुन्न. त्या दिवशी दिग्गजांपैकी कितीतरी जणांनी शर्यत सोडली. पुरुषांत जिंकला युकी कावाउची, जपानमधल्या शाळेच्या कचेरीत नोकरी करणारा माणूस, २:१५:५८. स्त्रियांत डेझ लिंडन, २:३९:५४, तेहतीस वर्षांनी एक अमेरिकन बाई तिथे पहिली आली. दुसरी आली सारा सेलर्स, ॲरिझोनातल्या रुग्णालयात काम करणारी नर्स, जिचं नाव सकाळपर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

लिंडनची गोष्ट मला सगळ्यात आवडते. सुरुवातीलाच तिला वाटलं आज आपलं काही खरं नाही, बहुतेक सोडावं लागणार. म्हणून तिने शॅलेन फ्लॅनगन या दुसऱ्या अमेरिकन धावपटूला सांगितलं, तुला काही मदत लागली तर सांग. फ्लॅनगन शौचालयात गेली तेव्हा ही तिच्यासाठी मागे रेंगाळली आणि दोघी मिळून पुन्हा घोळक्यात आल्या. सोडून द्यायला निघालेली बाई जिंकली.

तेव्हा टेकडीवाली यांच्या म्हणण्याला माझा अर्धाच पाठिंबा. त्या दिवशी खराब हवेने निकाल उलटेपालटे केले, पण वेळा फारशा कोणाच्या सुधारल्या नाहीत. विजेत्यांच्या वेळासुद्धा संथ होत्या.

कट्टाकाका

हे बघा! न्यूटनकरांनी माझं काम केलं. पाऊस चांगला असता तर तिथेही वेळा सुधारल्या असत्या.

डॉखडूस

काका, तीन-चार अंश आणि समोरून वारा कुठे, बावीस अंश आणि भुरभुर कुठे. पाऊस दोन्हीकडे आहे म्हणून हवा एक होत नाही. पहिल्यात शरीर उष्णता टिकवायला झगडतं, दुसऱ्यात टाकायला. आणि खरा शत्रू वारा आहे. २०१९ ला बर्लिन मॅरेथॉनमध्येही रस्ता ओला होता, तिथे बेकेलेने २:०१:४१ काढले, किपचोगेच्या तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा फक्त दोन सेकंद जास्त.

टेकडीवाली

हेच लिहायला आले होते, डॉक्टरांनी आधी लिहिलं. पठारावरचा वारा सोडला तर मला समोरून वारा लागलाच नाही, घाट डोंगराच्या आडोशाला आहे. आणि पठारावर ते दोन गडी होते. वर शंभर माणसं असली तर वाऱ्यापासून लपायला पाठ मिळते, मोकळ्या शर्यतीत ती कुठून आणणार? गर्दीच्या खात्यात हेही जमा करा.

काका, तुम्ही पावसाला श्रेय द्यायला तयार नाही, ठीक. पण गर्दीला तरी द्या.

लेससुटली

गर्दीवरून एक मुद्दा, बसचा. २:१५ ची बस, म्हणजे त्या वेळेत नेणारा पेसर आणि त्याचा घोळका, धरली होतीस का? माझा अनुभव असा की गर्दीच्या शर्यतीत पेसरच्या झेंड्याभोवती तीस-चाळीस माणसं चिकटलेली असतात आणि पाण्याच्या टेबलाशी ती सगळी एकदम आडवी होतात. ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं वाटतं. त्यात पायाखाली बाटल्यांची टोपणं. कोरड्यात टोपण चिरडतं, ओल्यात सरकतं.

टेकडीवाली

बस सुरुवातीला दिसली, मी मुद्दाम दीडशे-दोनशे मीटर मागे राहिले. झेंडा दिसत राहतो, कोपर लागत नाही. घाटात धुक्यात झेंडाही गेला, मग ठोक्यांवरच भरवसा. बस मला परत दिसली ती उतारावर, शेवटच्या चार किलोमीटरमध्ये, आणि तिच्या बाजूने पुढे निघून जाताना जे वाटलं ते इथे लिहिलं तर काका म्हणतील गर्व झाला.

ओल्यात घसरण्याबद्दल: डांबर फारसं घसरत नाही. घसरतात ते पांढरे-पिवळे रंगवलेले पट्टे, गतिरोधकावरचा रंग, लोखंडी झाकणं आणि कडेचं शेवाळ. वळणावर आतली कड घ्या म्हणून मोजपट्टी सांगतात ते खरं, पण घाटात आतल्या कडेलाच पाणी आणि शेवाळ असतं. तिथे मी दोन पावलं बाहेरून गेले. तेवढे सेकंद गेले तर गेले.

मोजपट्टी

मान्य. आतली कड म्हणजे पळण्याजोग्या रस्त्याची आतली कड. दवाखान्यापर्यंतचं अंतर मी मोजत नाही.

कट्टाकाका

बरं, गर्दीला दिलं श्रेय. पन्नास टक्के. बाकीचे बोपदेवला. पाऊस अजून विचाराधीन.

एक विचारतो, गन टाइमने तुमची वेळ किती येते? कारण बक्षिसाची वेळ तोफेपासून मोजतात.

टेकडीवाली

२:१४:४८. बक्षिसाच्या आसपास मी दुर्बीण लावूनही दिसत नाही, त्यामुळे चिपवर समाधानी. :)

मोजपट्टी

आणि काका, बॉस्टनला पात्र ठरायलासुद्धा चिपचीच वेळ धरतात.

चारभिंती

पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी: राहायची सोय नोंदणी झाल्या झाल्या बघा, शर्यतीच्या आठवड्यात गावात लॉज मिळत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी कास बघायला जाऊन पाय मोडून घेऊ नका, कास कुठे पळून जात नाही. आणि कंदी पेढे शर्यतीनंतर. आधी खाऊन घाट चढणारे बघितलेत.

नवशिका

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: चढाचा सराव सगळे सांगतात, उताराचा कसा करायचा? परवा सिंहगडाच्या रस्त्याने पळत उतरलो, दोन दिवस जिना उतरता येत नाहीये. उलटा उतरतोय.

डॉखडूस

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, त्याने सूक्ष्म इजा होतात. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, चार-पाच दिवसांत जातं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी त्याच उताराला कमी दुखतं, म्हणून सरावात उतार हवाच, पण शर्यतीआधी दोन आठवडे बंद. लघवीचा रंग चहासारखा झाला तर मात्र इथे विचारू नका, दवाखान्यात जा.

टेकडीवाली

सिंहगडाने सुरुवात केलीस म्हणजे तू धाडसी आहेस. छोटी पावलं, पाय शरीराच्या खालीच टाकायचा, पुढे फेकायचा नाही, नजर दहा पावलांवर. आधी एक किलोमीटर उतार, मग वाढवायचं. जिना सुलटा उतरता यायला लागला की रविवारी ये. आम्ही पाच-सहा जण पहाटे साडेपाचला बोपदेवच्या पायथ्याशी असतो. पाऊस असला तरी असतोच.

लेससुटली

पाऊस असला तर मी पावणेसहाला.

कट्टाकाका

मी गाडीने येईन. वर चहाची टपरी उघडी असते ना?